तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

भुलीच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. सर्जनचे हात कामात असतात, डोळे पडद्यावर असतात, त्याला इकडेतिकडे बघायला सवड नसते. आम्ही मात्र पेशंटला झोपवायचं आणि मग त्याच्यापाशी बसून काळजी करायची. काळजी करणाऱ्या माणसाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं आणि मेलं सगळं लक्षातही राहतं!

मी काळजीखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातून निघाले की गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाते. अशा बाईने आयुष्यभर करायला काम कोणतं निवडावं? तर माणसाचं चांगलं चाललेलं ब्लडप्रेशर मुद्दाम पाडायचं!

बनारसमधल्या एका लहानशा नाक-कान-घशाच्या हॉस्पिटलात मी काम करते. नाकातलं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. जागा पेन्सिल जाईल एवढी. तिथे रक्ताचा एक थेंब काचेवर आला की समोरचा पडदा लालभडक, आणि सर्जन आंधळा. शेजारी डोळा, वर मेंदू, मधलं हाड पापडाएवढं. म्हणून सर्जन म्हणतो, प्रेशर खाली आणा, म्हणजे रक्त कमी येईल. मी औषधं देऊन ते खाली आणते.

पण किती खाली? दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत नळाचं प्रेशर कमी झालं, तरी तळमजल्यावर बादल्या भरतात. तिसऱ्या मजल्यावर मात्र करंगळीएवढी धार, नाहीतर नुसती हवा. माणसाचा मेंदू तिसऱ्या मजल्यावर राहतो! त्यात या ऑपरेशनला आम्ही पेशंटचं डोकं उंच ठेवतो. सगळी काळजी त्या वरच्या बिऱ्हाडाची.

आमचे सर्जन डॉ. त्रिपाठी. हात सोन्याचा, स्वभाव कचोरीसारखा, वरून कडक आणि आत मसाला. माझ्याशी त्यांचं संभाषण बहुतेक दोनच शब्दांचं असे. "और नीचे!"

*

सुरुवातीच्या काळात माझ्या हाताशी एकच हुकमी औषध होतं, नायट्रोग्लिसरीन. थेंबथेंब सोडायचं. रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर उतरतं.

एका तरुण शिक्षकाचं ऑपरेशन होतं. त्रिपाठी म्हणाले, "और नीचे." मी थेंब वाढवले. प्रेशर उतरलं, पण प्रेशर उतरलं म्हणून त्याचं हृदय घाबरून पळायला लागलं. नाडी शंभरच्या वर! हृदय पळतंय, वाहिन्या सैल, म्हणजे नाकातून रक्त आणखीच. त्रिपाठी पुन्हा, "और नीचे." मी पुन्हा थेंब वाढवले. रक्त पुन्हा वाढलं. मॉनिटरवरचा आकडा मात्र एकदम आज्ञाधारक.

शेवटी त्रिपाठींनी दुर्बीण बाहेर काढली, मास्कवरून माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

"मैडम, मैंने सूखा माँगा था. आपने तो गंगाजी उतार दीं!"

तेव्हापासून मी शिकले की नुसतं प्रेशर पाडून भागत नाही, हृदयालाही सांगावं लागतं, बाबा रे, सावकाश. पुढे त्यासाठीची औषधं आली, शिरेतून झोप देणारी आली, मोजून सोडणारे पंप आले. काळजी तेवढी जुनीच राहिली.

*

घरी गेल्यावर हे सगळं ऐकायला एक हक्काचा माणूस होता. माझे सासरे.

मामंजी घनपाठी. म्हणजे वेदाची संहिता तोंडपाठ, आणि नुसती सरळ नाही, उलटसुलट पाठ. त्यात 'जटा' नावाचा एक प्रकार असतो. लागोपाठचे दोन शब्द घ्यायचे, सरळ म्हणायचे, उलटे म्हणायचे, पुन्हा सरळ. मग पुढची जोडी. असं म्हटलं की शब्द जागचा हलत नाही. घन त्याहून अवघड. ही सवय त्यांच्यात इतकी मुरलेली की लहर आली तर स्वयंपाकघराकडे तोंड करून स्वरात म्हणायचे, "चहा आण, आण चहा, चहा आण!"

सासूबाई आतून ओरडायच्या, "एकदा सांगितलं तरी समजतं हो मला!"

एकदा कानावर पडलेलं ते विसरत नसत. माझ्या लग्नात भटजींनी एक ओळ गाळली होती, ती ते अजून ऐकवतात. रोज सकाळी त्यांचं म्हणणं सुरू झालं की गल्लीतल्या बायका त्यावर स्वयंपाकाची वेळ लावत. फक्त प्रतिपदा, अष्टमी असे काही दिवस अनध्याय. त्या दिवशी वेद म्हणायचा नाही. प्रतिपदेला म्हटलं तर विद्या झिजते, ही त्यांची श्रद्धा. त्या दिवशी घर इतकं गप्प की कुकरची शिट्टी दचकवायची.

मी तिसऱ्या मजल्याची उपमा त्यांना एकदा सांगितली, तेव्हापासून संध्याकाळी दारातच त्यांचा प्रश्न.

"काय सूनबाई, आज पाणी वर चढलं का?"

"चढलं, मामंजी."

मग ते चहाकडे वळत.

पण त्यांच्या स्वतःच्या नाकात दोन्ही बाजूंना मांसाचे कोंब, म्हणजे पॉलिप, वाढले होते. श्वास बंद. लांब घन म्हणताना मध्येच तोंडाने श्वास घ्यावा लागे, धागा तुटे, आणि तुटला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. त्रिपाठींनी तपासून ऑपरेशन सांगितलं. मामंजी शांतपणे म्हणाले, "नाकाचं काही नाही. पण तुम्ही तिसऱ्या मजल्याचं पाणी तोडता. माझं जे काही आहे ते तिथेच ठेवलंय."

मी हॉस्पिटलात अनोळखी माणसांना "कुछ नहीं होगा" म्हणून धीर देत असे, घरच्या माणसाला तसं म्हणायला जीभ वळली नाही. वर्षामागून वर्षं गेली, कोंब वाढत राहिले.

*

उपाशीपोटी या, हे पेशंटला आम्ही इतक्या वेळा सांगतो की झोपेतही बडबडत असू. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन छातीत गेलं तर जीवावर बेततं.

साड्यांचा एक व्यापारी आला. गोरापान, हसरा, नको इतका हसरा. टेबलावर घेतला, मॉनिटर लावला, तर नाडी एकशे तीस! अजून मी काहीच दिलेलं नाही. ताप नाही, थायरॉइड ठीक. "घाबरलात का?" तर म्हणे, "काहे का डर? बड़ा आनंद है!" आणि छताकडे बघून पुन्हा हसला.

आमचा ओटी टेक्निशियन लल्लन हळूच म्हणाला, "मैडम, आँख देखिए." डोळे लालबुंद. मी बाहेर धावले. बायको बाकावर बसलेली.

"यांनी सकाळी काही खाल्लं?"

"नहीं नहीं डॉक्टर साहिबा, आपने मना किया था न! अन्न का दाना नहीं."

"प्यायले काही?"

"पानी तक नहीं. बस मंदिर में ठंडाई ली. भाँग वाली."

मी म्हटलं, "अहो, पण मी काही घ्यायचं नाही म्हणाले होते!"

ती माऊली माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच अडाणी.

"वह तो प्रसाद है!"

ऑपरेशन पुढे ढकललं. तेव्हापासून मी पेशंटला तीन वेगळे प्रश्न विचारते. खाल्लं का, प्यायलं का, आणि देवाने काही दिलं का?

*

त्रिपाठींना ऑपरेशन करताना बोलायची सवय. निवडणूक, क्रिकेट, कुठल्या गल्लीतली जिलबी चांगली. पेशंटबद्दलही बोलायचे. मी हळूच म्हणे, "सर, पेशंट..."

"अरे मैडम, बेहोश है. इस समय दीवार है, दीवार!"

मला मात्र भिंतीचाही भरवसा वाटत नाही. प्रेशर सांभाळायच्या नादात झोपेचं औषध कमी पडलं आणि माणूस आत जागा राहिला, हलता येत नाही, सांगता येत नाही! या विचाराने मला अजूनही घाम फुटतो. म्हणून उठलेल्या प्रत्येक पेशंटला मी विचारते, मध्ये काही ऐकू आलं का?

एकदा एका बाईंना विचारलं, "बीच में कुछ सुनाई दिया?"

त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "हाँ. सुना."

लल्लनच्या हातातला ट्रे वाजला. त्रिपाठी कोपऱ्यात बूट घालत होते, ते एका पायावर थांबले. मी खाली वाकून विचारलं, "क्या सुना?"

"यही," बाई म्हणाल्या, "कि बीच में कुछ सुनाई दिया?"

*

याच त्रिपाठींचं पोट हा एक वेगळा अध्याय आहे.

एकदा मध्येच पेशंटचं प्रेशर दिसेना. दंडावरचा पट्टा फुगतो, घरघरतो, आणि मशीन आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवतं. पुन्हा लावलं, पुन्हा रेघा. मी पंप बंद केला, डोकं खाली घेतलं, लल्लनला म्हटलं औषध भर. मनगटाला बोट लावलं तर नाडी नाही! पण दुसऱ्या पडद्यावर हृदय मजेत चाललेलं, आणि मानेपाशी बोट लावलं तर तिथे नाडी खणखणीत.

मग मी चादर उचलली. त्रिपाठी कामात रंगून इतके पुढे झुकले होते की त्यांचं अख्खं पोट पेशंटच्या दंडावर, पट्ट्यासकट!

"सर, कृपा करके अपना पेट हटाइए!"

ते सरकले, आणि आकडा आला. एकदम सुरेख. लल्लन भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. त्रिपाठी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "कल से कचौड़ी बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात कचोरीचा द्रोण हातात घेऊन उभे दिसले. मला बघून म्हणाले, "मैडम, कल से."

*

मग एक दिवस त्रिपाठींचंच नाक आडवं आलं. नाकातला पडदा वाकडा, रात्रभर घोरणं, बायको माहेरी जायच्या गोष्टी करायला लागली. ऑपरेशन करायला त्यांचा कॉलेजातला मित्र लखनौहून आला. भूल द्यायला मीच.

टेबलावर झोपलेला सर्जन हा फार केविलवाणा प्राणी असतो. त्यांना सगळं माहीत होतं, तेच तर दुखणं! मी सुई लावायला हात धरला, तर त्यांनी माझंच मनगट पकडलं. हात बर्फासारखा.

"मैडम, एक बात."

"बोलिए सर."

"सत्तर से नीचे मत जाइएगा. वो कितना भी कहे." मग आवाज आणखी उतरला. "मेरी बिटिया अभी छोटी है."

निरोगी माणसाचं सरासरी प्रेशर नव्वदच्या आसपास असतं, आणि ज्या माणसाने इतकी वर्षं माझ्याकडे साठ मागितले, तो! मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. मी म्हटलं, "नहीं जाऊँगी." आणि ते झोपतात न झोपतात तोच लखनौचे पाहुणे म्हणाले, "मैडम, थोड़ा और नीचे?"

संध्याकाळी हे मामंजींना सांगितलं. ते इतके हसले की नाक बंद असल्यामुळे ठसका लागला. पाणी प्यायले, डोळे पुसले, आणि एकदम गंभीर झाले.

"म्हणजे त्यांनाही भीती वाटते."

"वाटते की."

"आणि तुला?"

"मला तर रोज वाटते, मामंजी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "दोघंही भिताय, मग हरकत नाही. ठेव माझं. पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी ठेव, त्या दिवशी मला काम नसतं."

*

आता हा शेवटचा.

घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये, असं मी सगळ्यांना सांगून बघितलं. मामंजी म्हणाले, "सूनबाई असेल तर मी येतो, नाहीतर नाही." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याच हाती आहेत, तर मला काळजी नाही." त्यांनी आपली सगळी काळजी माझ्या गळ्यात बांधली आणि मोकळ्या झाल्या!

मामंजींचं मूळचं प्रेशर जरा चढंच, त्यामुळे त्यांना फार खाली न्यायचं नाही हे मी ठरवलं होतं. सरासरी पंच्याहत्तर, ही माझी रेघ. त्रिपाठींना आधीच बजावलं होतं. ते म्हणाले, "समझ गया. आज मैं भी चुप रहूँगा." आणि खरंच गप्प होते. एकामागून एक कोंब निघत होते. मी एका हाताने मामंजींचं कपाळ धरून बसले होते, त्याचा काही उपयोग नसतो.

शेवटचा कोंब वर होता, पापडाएवढ्या हाडाला चिकटलेला. तिथे रक्त सुरू झालं. पडदा लाल. त्रिपाठींनी पुसलं, पुन्हा लाल.

"मैडम, यहाँ ऊपर दिमाग है. मुझे दिखना चाहिए." आवाजात मस्करी नव्हती. "पाँच और. बस पाँच."

ते खोटं बोलत नव्हते. दिसलं नाही तर त्यांचा हात मेंदूत जाणार. आणि मी प्रेशर आणखी पाचने उतरवून दिलं तर तिसऱ्या मजल्यावरचं पाणी तुटणार, जिथे मामंजींचं सगळं ठेवलेलं. त्या क्षणी मला लग्नातली ती गाळलेली ओळ आठवली.

"नहीं," मी म्हटलं.

त्रिपाठींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग त्यांनी औषधात भिजवलेली पट्टी आत ठेवली, दुर्बीण बाहेर काढली आणि हात बांधून उभे राहिले. मी हृदय जरासं आणखी सावकाश केलं. तेवढ्यात आकडा माझ्या रेघेखाली घसरला! मी लगेच औषध बंद केलं, आकडा वर आला. पट्टी काढली तेव्हा आतलं हाड स्वच्छ पांढरं दिसत होतं. कोंब निघाला.

मामंजी उठले. नाकात दोन्हीकडे कापडी पॅक, तोंड कोरडं. मी विचारलं, नाव? सांगितलं. मी कोण? "सूनबाई." माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "आता थोडंसं म्हणून दाखवा. कुठलीही एक ऋचा."

त्यांनी डोळे मिटले.

"मामंजी? नुसती सुरुवात."

त्यांनी तळहात उचलला, हलवला, आणि तोंड फिरवलं.

दुपारी पुन्हा विचारलं. पुन्हा तळहात. पाणी मागत होते, पंखा तेज करा म्हणत होते, पण तेवढं एक म्हणेनात. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. तो आकडा रेघेखाली गेला होता, तेवढ्यात गेलं का सगळं? आयुष्यभर साठवलेलं, माझ्या एका बोटामुळे? त्रिपाठी आले. मी म्हटलं, "सर, वेद नहीं बोल रहे." ते स्टुलावर बसले, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पर मैडम, आपने तो दिए ही नहीं थे पाँच." मला रडू फुटलं.

तेवढ्यात सासूबाई थर्मास घेऊन आल्या. माझ्याकडे बघून घाबरल्या, मग सगळं ऐकून घेतलं, आणि थर्मास खाली ठेवला.

"अगं, परेशान काय होतेस? आज प्रतिपदा नाही का? भूल तू त्यांना दिलीस की स्वतः घेतलीस?"

इतकी वर्षं त्या घरात राहून मी विसरले होते! पण खरं सांगते, धीर आला नाही. अनध्याय म्हणजे परीक्षा उद्यावर गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅक काढले, घरी आणलं. अंगावर पाणी घेऊन मामंजी आपल्या पाटावर बसले. त्रिपाठींनी बजावलं होतं, हळू म्हणा. आवाज बसका, नाक सुजलेलं. त्यांनी मुद्दाम अवघड जागेपासून घन सुरू केला. मला चूक कळत नाही, सासूबाईंना कळते. त्या पोळ्या लाटत होत्या, आणि मी त्यांच्या लाटण्याकडे बघत होते. मामंजी चुकले की ते लाटणं थांबतं, हे मला ठाऊक होतं. म्हणणं संपलं. लाटणं एकदाही थांबलं नाही.

मी चहा घेऊन गेले. घाईत थोडा बशीत सांडला. आणि मग आठवलं, कालच्या गडबडीत नेहमीचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला होता. सहज विचारला.

"मामंजी, मध्ये काही ऐकू आलं का?"

त्यांनी बशीतला चहा कपात ओतला. कप खाली ठेवला. डोळे मिटून, मान वरखाली करत, अगदी स्वरात म्हणाले,

"पाँच और, और पाँच, पाँच और. और बस, बस और, और बस. बस पाँच, पाँच बस, बस पाँच."

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"पुढे तुझं एकच पद होतं, 'नहीं'. एकट्या शब्दाची जटा होत नाही."